यकृताच्या मधली रेघ शोधणारे जेम्स कँटली

लिव्हरमध्ये गाठ आहे असा सोनोग्राफीचा रिपोर्ट आला, की रहिमतपूरच्या माणसाचा पुढचा प्रवास बहुधा ठरलेला असतो. आधी साताऱ्याला सीटी स्कॅन, मग पुण्याची गाडी; नाहीतर त्याच स्टेशनवरून उलट्या दिशेने मिरज. तिथला सर्जन स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरतो आणि बोटाने तिच्यावर एक तिरकी रेघ ओढून दाखवतो. गाठ रेघेच्या एका बाजूला असेल तर तेवढी बाजू काढण्याचा विचार होऊ शकतो. गाठ रेघेवरच बसली असेल तर काम कठीण. नातेवाईक मान डोलावतात. पण ही रेघ आली कुठून, हे विचारायच्या मनःस्थितीत त्या वेळी कोणी नसते. लिव्हरवर अशी रेघ डोळ्यांना दिसत नाही. हाँगकाँगमध्ये नऊ वर्षे डॉक्टरकी केलेल्या एका स्कॉटिश सर्जनने ती १८९७ मध्ये मांडली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कँटली रेषा.

जेम्स कँटली यांचा जन्म १७ जानेवारी १८५१ रोजी स्कॉटलंडमधील डफटाउन या गावी, शेतकरी घरात झाला. हे गाव आज व्हिस्कीच्या भट्ट्यांसाठी जगभर माहीत आहे. यकृताच्या सर्जनचे जन्मगाव व्हिस्कीचे असावे, हा योगायोग गमतीचाच. ॲबर्डीन विद्यापीठात आणि लंडनच्या चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. पुढे त्याच हॉस्पिटलमध्ये ते शरीररचनाशास्त्र शिकवू लागले आणि सर्जनही झाले. पण एका जागी बसून प्रॅक्टिस वाढवणाऱ्यांपैकी ते नव्हते. १८८३ मध्ये इजिप्तमध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा तिकडे मदतीला जाणाऱ्या डॉक्टरांत त्यांनी आपले नाव घातले. प्रथमोपचार सामान्य माणसाला आलाच पाहिजे, या हट्टापायी त्यांनी पोलिसांपासून स्वयंसेवकांपर्यंत कितीतरी लोकांना जखम बांधायला आणि स्ट्रेचर उचलायला शिकवले. १८८४ मध्ये मेबल ब्राऊन यांच्याशी त्यांचे लग्न झाले.

१८८७ मध्ये कँटली दांपत्य हाँगकाँगला गेले. तिथे पॅट्रिक मॅन्सन आधीपासून काम करत होते. हत्तीरोगाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो हे दाखवून देणारे तेच मॅन्सन. त्याच वर्षी या मंडळींनी चिनी तरुणांसाठी आधुनिक वैद्यकाचे कॉलेज उघडले. मॅन्सन त्याचे पहिले डीन होते आणि ते इंग्लंडला परतल्यावर ही जबाबदारी कँटलींवर आली. हे कॉलेज म्हणजे काही मोठी संस्था नव्हती. शिकवणारे डॉक्टर आपापली प्रॅक्टिस सांभाळून मोकळ्या वेळात येत. पहिली तुकडी १८९२ मध्ये बाहेर पडली तेव्हा पदवीपर्यंत पोहोचलेले विद्यार्थी होते फक्त दोन. त्यातला अव्वल विद्यार्थी म्हणजे सन यत-सेन, पुढे चीनमधील राजेशाही संपल्यावर प्रजासत्ताकाचा पहिला अध्यक्ष झालेला नेता. पदवीनंतर सन जवळच्या मकाव बंदरात सर्जरी करू लागले, तेव्हा मोठ्या ऑपरेशनला मदत करायला कँटली हाँगकाँगहून बोटीने जात. डीनने कालच्या विद्यार्थ्याचा असिस्टंट म्हणून उभे राहावे, हे तेव्हा तर नव्हतेच, आजही फारसे पाहायला मिळत नाही.

त्या काळात उष्ण प्रदेशातल्या डॉक्टरांना यकृताचा एक आजार सतत भेटायचा. तो म्हणजे यकृतातला पू, ज्याला आपल्याकडे आता सगळेच लिव्हर ॲब्सेस म्हणतात. दूषित पाण्यातून आलेला अमिबा आतड्यातून यकृतात पोहोचतो आणि तिथे पू साठतो. तेव्हा पोट मोठे उघडून तो काढण्याची पद्धत होती आणि त्यात रोगी दगावत. कँटलींचा भर वेगळ्या मार्गावर होता. जाड पोकळ सुई थेट पुवापर्यंत घालायची, तिच्यातून रबरी नळी सरकवायची आणि नळीचे दुसरे टोक खाली ठेवून पू हळूहळू वाहू द्यायचा. आता हेच काम सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत बारीक नळीने होते आणि औषधांमुळे कित्येकदा तेही करावे लागत नाही. कँटलींना पडदाही नव्हता आणि अमिबाचे औषधही नव्हते. सुई कुठे घालायची हे यकृताची रचना डोळ्यांसमोर आणूनच ठरवावे लागे. त्या रचनेकडे ते इतक्या बारकाईने का पाहत होते, ते यावरून समजते.

यकृत म्हणजे बरगड्यांखाली उजवीकडे बसलेला, मोठ्या माणसात साधारण दीड किलोचा अवयव. त्याच्या पुढच्या अंगावर पडद्यासारखा एक बंध असतो. या बंधाच्या उजवीकडे मोठा भाग, डावीकडे लहान भाग. पुस्तके शतकानुशतके हेच शिकवत होती. शाळेतल्या चित्रात आजही असेच दिसते. हाँगकाँगमध्ये शवविच्छेदन करताना कँटलींना एक यकृत असे सापडले, की ज्याची एक बाजू सुकून आक्रसली होती आणि दुसरी भरपाईला फुगली होती. सुकलेल्या आणि फुगलेल्या भागांची हद्द पुस्तकाप्रमाणे त्या बंधावर यायला हवी होती. पण ती बंधापासून बरीच उजवीकडे, पित्ताशयाच्या खाचेपासून मागच्या बाजूला असलेल्या महाशिरेपर्यंत सरळ गेलेली होती.

शेतकऱ्याला हे चटकन उमगेल. शेतात बांध एका ठिकाणी असतो आणि पाटाचे पाणी मात्र भलत्याच ठिकाणी विभागलेले असते. बांध पाहून हे शेत कोणत्या चारीवर भिजते ते कळत नाही; एक चारी बंद पडली की कोणता तुकडा वाळतो, त्यावरून कळते. यकृताला आतड्यांकडून रक्त आणणारी पोर्टल व्हेन आत शिरताच दोन फाट्यांत विभागते. धमनी आणि पित्तनलिका यांचेही तसेच. उजव्या फाट्याचे रान वेगळे, डाव्याचे वेगळे. दोन्हींची हद्द म्हणजे कँटलींना दिसलेली ती रेघ. प्राग येथील शरीररचनातज्ज्ञ ह्यूगो रेक्स यांनी १८८८ मध्ये असाच निष्कर्ष काढला होता, म्हणून काही पुस्तके तिला रेक्स-कँटली रेषा म्हणतात. कँटलींचे वेगळेपण असे, की ते हातात सुरी धरणारे होते. दोन स्वतंत्र रानांच्या मधून कापले तर रक्तस्राव कमी होईल, हा त्यातला व्यवहार सर्जनला दिसणारच. यकृतातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. तिथे चुकीच्या जागी घातलेला एक छेद रोग्याच्या मृत्यूला पुरेसा होतो. बर्लिनच्या कार्ल लँगेनबुख यांनी १८८८ मध्ये यकृताचा तुकडा काढून रोगी वाचवला खरा, पण रक्तस्रावामुळे त्याला पुन्हा टेबलावर घ्यावे लागले होते.

हे संशोधन कागदावर येण्याआधी मधे बरेच घडले. १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये प्लेगची साथ उसळली. (त्याच वर्षी इकडे मिरजेत विल्यम वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल उघडले.) दोन वर्षांनी प्लेग मुंबईत दिसू लागला. मांडवीतला पहिला रोगी ओळखणारे डॉक्टर गोव्याचे, आकासिओ व्हिएगस. पुढे पुणे, सातारा जिल्हा आणि गावोगाव त्याने काय केले ते सांगायला नको. नायगावची लेक सावित्रीबाई फुले त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी गेल्या. कँटलींनी प्लेगवर पुढे पुस्तक लिहिले, तो कसा ओळखावा आणि कसा टाळावा हे सांगणारे. पण हाँगकाँगच्या हवेत त्यांची स्वतःची प्रकृती खालावली होती आणि १८९६ च्या सुरुवातीला ते कुटुंबासह परत निघाले.

वाटेत होनोलुलूच्या रस्त्यावर एक माणूस समोर आला. पाश्चात्त्य कपडे, मिशी राखलेली, डोक्यावरची चिनी शेंडी कापलेली. कँटलींच्या मुलांना सांभाळणारी जपानी दाई त्याला आपल्या देशाचा समजून जपानीत बोलू लागली. तो होता सन यत-सेन. फसलेल्या उठावानंतर त्याच्या डोक्यावर बक्षीस लागले होते आणि तो देशोदेशी फिरत होता. कँटलींनी त्याला लंडनचा पत्ता दिला.

ऑक्टोबरमध्ये सन लंडनला आले आणि ११ तारखेला, रविवारी सकाळी, कँटलींच्या घरी निघालेले असताना चिनी वकिलातीच्या माणसांनी त्यांना गोड बोलून आत नेले आणि कोंडले. ठरलेला बेत असा होता, की त्यांना वेडा ठरवून बोटीत घालायचे आणि चीनला पाठवायचे. तिथे शिरच्छेद नक्की होता. वकिलात कँटलींच्या घरापासून काही मिनिटांच्या अंतरावर होती, आणि तरी सहा दिवस त्यांना पत्ता नव्हता. शेवटी तिथल्या एका इंग्रज नोकराचे मन वळले. १७ तारखेच्या रात्री उशिरा कँटलींच्या दारात एक चिठ्ठी येऊन पडली. त्यानंतरचे दिवस हा सर्जन झोपला असेल असे वाटत नाही. पोलीस ठाण्यात त्यांची गोष्ट कोणी खरी मानेना. मॅन्सनना बरोबर घेऊन ते स्कॉटलंड यार्डला गेले, परराष्ट्र खात्यात गेले, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत गेले. वकिलातीवर नजर ठेवायला त्यांनी खासगी गुप्तहेरही लावला. बातमी छापून आली, दारासमोर गर्दी जमली, ब्रिटिश सरकारने दट्ट्या दिला आणि २३ ऑक्टोबरला सन बाहेर आले. चीनच्या इतिहासाला वळण देणारी ही सुटका एका डॉक्टरच्या पायपिटीने झाली.

आणि याच धावपळीनंतर काही महिन्यांनी, १८९७ मध्ये, यकृताच्या उजव्या-डाव्या भागांची नवी मांडणी कँटलींनी शरीररचनातज्ज्ञांच्या सभेपुढे ठेवली. छापील निबंध अवघ्या काही पानांचा होता. त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही, आणि याचा दोष वाचणाऱ्यांना पूर्ण देता येत नाही. भूल अजून कच्ची होती, रक्त देण्याची सोय नव्हती, प्रतिजैविके नव्हती. नकाशा तयार होता, त्या मुलखात जायला रस्ताच नव्हता. १९०८ मध्ये ग्लासगोच्या जेम्स प्रिंगल यांनी यकृताकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या बोटांनी दाबून धरून रक्तस्राव थांबवण्याची युक्ती सांगितली. ती आजही वापरतात. कँटली रेषा धरून यकृताची अख्खी उजवी बाजू आधी रक्तवाहिन्या बांधून शिस्तीत काढण्याचे श्रेय मात्र पॅरिसच्या लोर्ता-जाकोब यांना १९५२ मध्ये मिळाले. निबंधाला तोवर ५५ वर्षे झाली होती. लवकरच फ्रान्सच्याच क्लोद क्विनो यांनी दोन बाजूंचे आठ उपविभाग करून दाखवले, आणि आजच्या रिपोर्टमध्ये पाचवा, आठवा असे जे सेगमेंटचे आकडे येतात ते त्यांचे.

कँटलींनी उरलेले आयुष्य यकृतावर घालवले नाही. १८९८ मध्ये त्यांनी उष्ण प्रदेशातील रोगांसाठी नियतकालिक काढले, मॅन्सन यांनी लंडनमध्ये स्थापन केलेल्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या शाळेत ते शिकवू लागले, १९०७ मध्ये या विषयाची सोसायटी उभी करण्यात पुढे राहिले आणि नंतर तिचे अध्यक्षही झाले. पहिल्या महायुद्धात प्रथमोपचाराचे शिक्षण हेच त्यांचे काम होते आणि १९१८ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली.

सन यत-सेन यांच्या शेवटाकडे यकृताचा सर्जन म्हणून पाहिले तर अस्वस्थ व्हायला होते. १९२४ च्या अखेरीस ते बीजिंगला पोहोचले तेव्हा खूप आजारी होते. २६ जानेवारी १९२५ रोजी तिथल्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये त्यांचे पोट उघडले गेले. यकृतात कर्करोग पसरलेला दिसला. तपासणीसाठी तुकडा घेऊन डॉक्टरांनी पोट बंद केले. रेडियमचे उपचार झाले, पुढे चिनी जडीबुटीही झाली. १२ मार्चला ५८ व्या वर्षी सन गेले. यकृताचा कर्करोग हेच कारण जगाला सांगितले गेले. शवविच्छेदनाच्या जुन्या अहवालाचा तज्ज्ञांनी अलीकडे पुन्हा अभ्यास केला, तेव्हा मूळ रोग पित्ताशयाचा असून तो यकृतात पसरला होता, असे मत २०१६ मध्ये छापून आले. पित्ताशय म्हणजे कँटली रेषा जिथून सुरू होते तीच जागा. गुरूने आखलेली रेघ शिष्याच्या उपयोगी पडण्याची वेळ अजून पंचवीस वर्षे दूर होती. मेबल कँटली १९२१ मध्येच गेल्या होत्या; २८ मे १९२६ रोजी जेम्स कँटलीही लंडनमध्ये वारले.

आता ती रेघ रोजच्या कामाची झाली आहे. यकृतात सुरू होणारा कर्करोग बहुतेक वेळा आधीच खराब झालेल्या यकृतात उगवतो. हिपॅटायटिस बी किंवा सी, वर्षानुवर्षांची दारू, आणि आता मधुमेह व लठ्ठपणातून येणारे फॅटी लिव्हर, यातून सिरॉसिस होतो आणि सिरॉसिसमध्ये गाठ. म्हणून सर्जनपुढे प्रश्न दुहेरी असतो. गाठ काढायची, आणि उरलेल्या यकृतावर माणूस जगला पाहिजे. निरोगी यकृताचा पाव ते तिसरा हिस्सा उरला तरी भागते, कारण यकृत काही आठवड्यांत पुन्हा वाढते. सिरॉसिस असेल तर साधारण ४० टक्के तरी राहावे लागते, आणि तो फार पुढे गेला असेल तर कापायचा विचारच सोडावा लागतो.

उरणारी बाजू लहान पडत असेल तर एक उपाय आहे, आणि तो कँटलींच्या शवविच्छेदनातल्या यकृताची थेट आठवण करून देतो. गाठ असलेल्या बाजूची पोर्टल व्हेन सुईवाटे आधीच बंद करतात. ती बाजू सुकू लागते, दुसरी फुगते. चार-सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून मोजतात आणि मग ऑपरेशन करतात. जपानी सर्जननी १९८० च्या दशकात हे रूढ केले. निसर्गाने हाँगकाँगमधल्या एका अनाम माणसाच्या पोटात जे करून ठेवले होते, ते आता ठरवून करतात.

सिरॉसिस असलेल्या रोग्याची गाठ काढली तरी पाच वर्षांत निम्म्याहून अधिक जणांत नवी गाठ येते, कारण जमीनच बिघडलेली असते. प्रत्यारोपणात गाठ आणि सिरॉसिस दोन्ही एकदम जातात. पण कोणाला? १९९६ मध्ये इटलीतील मिलानच्या डॉक्टरांनी ४८ रोग्यांचा अभ्यास छापला. गाठ एकच असून ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी पण प्रत्येक ३ सेंटिमीटरच्या आत, आणि रक्तवाहिनीत रोग शिरलेला नसेल, तर चार वर्षांनी ७५ टक्के रोगी हयात होते. जगभर याच मर्यादा पायाभूत मानल्या जातात. यकृत मिळेपर्यंत गाठ या मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून तिला सुईने जाळतात, तिचा रक्तपुरवठा बंद करून औषध सोडतात, किंवा यकृताची ताकद चांगली असेल तर ती कापून काढतात. कापण्याचा एक फायदा असा, की गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण तपासता येते आणि रोग किती आक्रमक आहे ते कळते. पुढे गाठ परतली तर प्रत्यारोपणाचा पर्याय शिल्लक असतो. तोटा असा, की आधीच्या ऑपरेशनमुळे पोटात आतडी-पडदे चिकटतात आणि दुसऱ्या वेळी रक्तस्राव जास्त होतो. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत हे चिकटणे कमी होते. आधी काय करायचे याला सरसकट उत्तर नाही. सर्जन, लिव्हरचे फिजिशियन आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून स्कॅन पाहिलेले असावे, एवढी मागणी नातेवाईकांनी निःसंकोच करावी. सिरॉसिस ठाऊक असलेल्या माणसाने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली तर गाठ लहान असताना सापडते आणि हे सगळे पर्याय खुले राहतात. तालुक्याच्या गावीही होणारी ही तपासणी कंटाळ्याने टाळली जाते, हे खेदाचे आहे.

मृत दात्याचे यकृत हवे असेल तर नाव प्रतीक्षायादीत घालावे लागते, आणि यादी लांब असते. म्हणून आपल्या देशात घरचाच कोणी यकृताचा भाग देतो: बायको, मुलगा, बहीण. मोठ्या माणसासाठी डावी बाजू बहुधा अपुरी पडते, उजवी घ्यावी लागते, आणि ती यकृताच्या ६० ते ६५ टक्के असते. धडधाकट माणसाच्या पोटातून एवढे काढणे फार काळ कोणाला धजवत नव्हते. मे १९९६ मध्ये हाँगकाँगच्या क्वीन मेरी हॉस्पिटलमध्ये एका प्रौढाकडून दुसऱ्या प्रौढाला अशी विस्तारित उजवी बाजू देण्यात आली. क्वीन मेरी हे हाँगकाँग विद्यापीठाचे शिक्षण रुग्णालय, आणि त्या विद्यापीठाचा वैद्यक विभाग म्हणजे कँटली डीन असलेले तेच जुने कॉलेज. कापले गेले ते कँटली रेषेच्या लगत, निबंध वाचल्यानंतर ९९ वर्षांनी.

त्या रेषेच्या आत मधली यकृतशीर धावते आणि दोन्ही बाजूंचे रक्त गोळा करते. हाँगकाँगच्या सर्जननी ती रोग्याला दिलेल्या भागासोबत नेली. ती दात्याकडे ठेवली तर रोग्याला मिळालेल्या भागात रक्त तुंबू शकते. रोग्याला दिली तर दात्याच्या उरलेल्या लहान यकृतावर ताण येतो. म्हणून पुण्या-मुंबईतही दात्याच्या ऑपरेशनआधी संगणकावर दोन्ही बाजूंचे आकारमान आणि शिरांच्या फांद्या मोजतात, आणि रेघेच्या डावीकडून कापायचे की उजवीकडून, हे त्या-त्या दात्यापुरते ठरवतात.